मुलांमधील बहुअवयवी दाह (एमआयएस-सी) : तीव्रतेचे मूल्यमापन

कोविड-१९ च्या संसर्गानंतर साधारण २ ते ६ आठवड्यांनी काही मुलांच्या शरीरात प्रतिकारशक्ती अनावर होऊन एकाच वेळी अनेक अवयवांचा दाह होतो. या विकाराला एमआयएस-सी (मल्टिसिस्टिम इन्फ्लमेटरी सिंड्रोम इन चिल्ड्रन) म्हणतात. मूळ संसर्ग बहुधा सौम्य, कित्येकदा घरच्यांच्या लक्षातही न आलेला असतो. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधील बालरोगतज्ज्ञांनी असे रुग्ण प्रथम नोंदवले आणि मे महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने त्याची व्याख्या ठरवली. किमान ३ दिवस ताप, पुरळ किंवा लाल डोळे, उलट्या-जुलाब व पोटदुखी, रक्तदाब उतरणे, हृदयाचा सहभाग आणि रक्तातील दाहाच्या खुणा, हे तिचे मुख्य घटक आहेत. मात्र ही व्याख्या निदानापुरती असून तिच्यात बसणारे मूल किती गंभीर आहे, हे वेगळे तपासावे लागते.

त्याची सुरुवात मुलाच्या अंगाला हात लावून होते. मुलांच्या रक्तवाहिन्या आकसून रक्तदाब बराच वेळ सावरून धरतात, त्यामुळे आकडा ठीक दिसत असतानाही मूल शॉकच्या (अवयवांना पुरेसे रक्त न पोहोचण्याच्या अवस्थेच्या) उंबरठ्यावर असू शकते. तापाच्या मानानेही फार वेगाने चालणारी नाडी, गार पडलेले तळवे, नख दाबून सोडल्यावर रंग परतायला २ ते ३ सेकंदांहून अधिक वेळ लागणे, कमी झालेली लघवी, सुस्ती किंवा चिडचिड या खुणा रक्तदाब उतरण्याच्या आधी दिसतात. १ ते १० वर्षांच्या मुलात वरचा रक्तदाब ‘७० अधिक वयाची दुप्पट’ यापेक्षा खाली गेला, तर बराच उशीर झालेला असतो.

सर्वाधिक काळजी हृदयाची करावी लागते. इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) डाव्या जवनिकेची, म्हणजे शरीराला रक्त पुरवणाऱ्या कप्प्याची, आकुंचनक्षमता आणि हृदयधमन्यांची रुंदी पाहतात. धमनीचे माप मुलाच्या शरीराच्या आकारमानाशी ताडून झेड-स्कोअर (सरासरीपासूनचे अंतर दाखवणारा आकडा) काढतात व तो २.५ किंवा अधिक असल्यास धमनीविस्फार (धमनी फुगणे) मानतात. रक्तातील ट्रोपोनिन व बीएनपी या हृदयाशी संबंधित घटकांची वाढ हृदयस्नायूवरील ताण दाखवते. हृदय दुबळे असेल, तर सलाईन भराभर देणे घातक ठरते, म्हणून ही माहिती उपचाराच्या पहिल्या तासांतच हवी असते.

रक्ततपासणीत वाढलेले सीआरपी, फेरिटिन व डी-डायमर हे घटक, तसेच घटलेले लिम्फोसाइट (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) व प्लेटलेट यांवरून दाहाचा जोर कळतो. पण केवळ वाढलेल्या सीआरपीवरून मुलाला गंभीर ठरवणे चुकीचे आहे. एका अहवालापेक्षा त्याच तपासण्यांचा चढउतार अधिक बोलका असतो. महाराष्ट्रात पावसाळ्यात डेंग्यू, लेप्टोस्पायरोसिस आणि स्क्रब टायफस यांचे चित्र असेच दिसू शकते. कोविडची प्रतिपिंडे (संसर्गाविरुद्ध शरीराने बनवलेली प्रथिने) सापडली म्हणून हे आजार वगळता येत नाहीत, कारण ती जुन्या, असंबद्ध संसर्गाचीही असू शकतात.

शॉक, हृदयाचा अशक्तपणा किंवा श्वासासाठी आधाराची गरज असलेल्या मुलाला बालअतिदक्षता विभागात ठेवतात. उपचारात शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन (दात्यांच्या रक्तातील प्रतिपिंडे; वजनाच्या प्रतिकिलो २ ग्रॅम) आणि स्टेरॉइड ही प्रमुख औषधे आहेत. त्यांनंतरही ताप टिकला किंवा अवयवांचे काम ढासळत राहिले, तर तीव्रतेचा पुन्हा विचार करून उपचार वाढवतात. मूल घरी गेल्यावरही, साधारण ४ ते ६ आठवड्यांनी इको परत करतात, कारण धमन्यांतील बदल ताप उतरल्यानंतरही दिसू शकतात.