कर्मचाऱ्याच्या पदव्युत्तर शिक्षणाचा खर्च आणि अमेरिकेतील मालकाची करसवलत: पात्रता व कागदपत्रे

अमेरिकेच्या अंतर्गत महसूल संहितेतील कलम १२७ नुसार, मालकाने कर्मचाऱ्याच्या शिक्षणासाठी दिलेली रक्कम एका कॅलेंडर वर्षात ५,२५० डॉलरपर्यंत कर्मचाऱ्याच्या करपात्र वेतनात धरली जात नाही. मालकाला ती व्यवसायखर्च म्हणून वजा करता येते, शिवाय तिच्यावर सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअरचा (ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्यविम्याचा) मालकाच्या वाट्याचा ७.६५ टक्के करही लागत नाही. पदव्युत्तर अभ्यासक्रम २००२ पासून या सवलतीत आले असून शिक्षण सध्याच्या कामाशीच निगडित असावे अशी अट नाही. ही मर्यादा २०२६ नंतरच्या करवर्षांपासून महागाईनुसार वाढेल.

यासाठी आयआरएसकडे (अमेरिकेच्या केंद्रीय करखात्याकडे) अर्ज करावा लागत नाही किंवा पूर्वमंजुरीही घ्यावी लागत नाही. मात्र योजना लेखी हवी, आणि नेमके इथेच लहान मालक चुकतात. केवळ तोंडी कबुलीवर फी भरली, तर या कलमाचा आधार उरत नाही. योजना केवळ कर्मचाऱ्यांसाठी असावी, तिची माहिती पात्र कर्मचाऱ्यांना दिलेली असावी, तिच्या अटी जास्त पगाराच्या मंडळींना झुकते माप देणाऱ्या नसाव्यात आणि शिक्षणाऐवजी रोख रक्कम घेण्याचा पर्याय तिच्यात नसावा. वर्षभरात दिलेल्या एकूण रकमेपैकी ५ टक्क्यांहून अधिक वाटा, धंद्यात ५ टक्क्यांपेक्षा जास्त मालकी असलेल्यांना, त्यांच्या जोडीदारांना किंवा आश्रितांना जाता कामा नये. त्यामुळे अमेरिकेत घरच्याच माणसांवर दुकान किंवा कन्सल्टन्सी चालवणाऱ्या मराठी कुटुंबाला ही योजना सहसा उपयोगी पडत नाही.

शिकवणी फी, पुस्तके आणि साहित्य यांचा खर्च ग्राह्य आहे. जेवण, राहणे आणि प्रवास यांचा नाही. शैक्षणिक कर्जाची परतफेडही याच मर्यादेत बसते.

मालकाने भरलेली एमबीएची वार्षिक फी १२,००० डॉलर असेल, तर उरलेले ६,७५० डॉलर सामान्यतः डब्ल्यू-२ (वेतन व करकपातीचे वार्षिक विवरणपत्र) मधील वेतनात दाखवावे लागतात. मात्र ते शिक्षण सध्याच्या कामातील कौशल्य टिकवणारे किंवा वाढवणारे असेल, त्या पदासाठीची किमान पात्रता नसेल आणि त्यामुळे नव्या व्यवसायाची पात्रताही मिळत नसेल, तर त्याच संहितेच्या कलम १३२ खाली ही रक्कमही करमुक्त ठरू शकते. लेखापालाने वकिलीची पदवी घेतली, तर तिथे ही वाट बंद होते.

योजनेची प्रत, कर्मचाऱ्यांना दिलेली सूचना, प्रवेशाचा पुरावा, फीच्या पावत्या आणि वेतननोंदी मालकाने जपून ठेवाव्यात. करमुक्त मिळालेल्या त्याच खर्चावर कर्मचाऱ्याला लाइफटाइम लर्निंग क्रेडिट (शिक्षणखर्चावर स्वतःच्या करात मिळणारी सूट) घेता येत नाही.