ड प्लस आणि शेड्यूल : मराठवाड्यातल्या गुंतवणुकीची पार्श्वभूमी

३१ जुलै २०२४ रोजी एका जपानी मोटार कंपनीने छत्रपती संभाजीनगरमध्ये सुमारे २० हजार कोटी रुपयांचा कारखाना उभारण्यासाठी राज्य सरकारशी सामंजस्य करार केला. त्याच्या महिनाभर आधी बंगळुरूच्या एका विजेवरच्या स्कूटर कंपनीने शहराजवळच्या बिडकीनची जागा पक्की केली होती, २ हजार कोटींच्या वर. पेढे वाटून झाले. पण शहरालगतच्या वाळूज वसाहतीत ज्यांचं प्रेस-शॉप, म्हणजे पत्र्याचे भाग ठोकायचा कारखाना आहे, प्लेटिंगचा गाळा आहे, त्यांनी विचारलं ते एवढंच : व्हेंडर, म्हणजे सुटे भाग पुरवणारे, इथले घेणार, की तिकडून सोबत आणणार?

बाहेरच्याला हा प्रश्न कोता वाटेल. तो का निघतो हे समजून घ्यायला चाळीस वर्षं मागे जावं लागतं. त्याच्याही मागचं फार नाही. निजामाच्या राजवटीत औरंगाबाद आणि नांदेडला कापडगिरण्या होत्या. १९५६ साली मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्रात. १९६२ साली एमआयडीसी झाली, १९६४ साली उद्योगांना सवलती देणारी सामूहिक प्रोत्साहन योजना, आणि चिकलठाण्याला वसाहत उभी राहिली. तरीही सत्तरच्या दशकात डिप्लोमा झालेला इथला पोरगा पुण्याचीच एसटी धरत होता.

खरी गोष्ट सुरू होते ती १९८५ला, वाळूजमध्ये. पुण्याच्या दुचाकी कंपनीने तिथे कारखाना काढला. नाव सांगायची गरज नाही. त्या नावाचं अख्खं नगर तिथे वसलं आहे. कंपनी आली त्यामागे विक्रीकराच्या सवलतीचं गणित होतं, आणि ते साधं होतं. गिऱ्हाइकाकडून विक्रीकर घ्यायचा, सरकारकडे लगेच भरायचा नाही, ठरलेल्या वर्षांनी बिनव्याजी भरायचा. सामूहिक प्रोत्साहन योजनेच्या १९७९, १९८३, १९८८ आणि १९९३ अशा आवृत्त्या निघाल्या, पण गाभा हाच राहिला : मुंबई-पुण्यापासून लांब जा, सरकार तुम्हाला वापरायला बिनव्याजी पैसा देईल. पुढे २००२ साली तर कायद्यात बदल होऊन ही लांबलेली रक्कम आजच्या मूल्याने, म्हणजे बरीच कमी, एकदम भरून मोकळं होण्याची सोयही झाली.

मोठ्या कंपनीला सवलत मिळाली, आणि तिच्याभोवती ज्यांना थेट काहीच मिळालं नव्हतं अशा शेकडो गाळ्यांचं गाव उभं राहिलं. आयटीआय केलेल्या फोरमनने नोकरी सोडायची, भावाच्या शेतावर बोजा चढवून दोन पॉवर प्रेस घ्यायचे, आणि ब्रॅकेट नाहीतर वॉशर ठोकायला लागायचं. हा माणूस अर्थसंकल्प ऐकत नव्हता. तो महिन्याच्या शेवटी येणाऱ्या शेड्यूलची वाट पाहत होता. शेड्यूल म्हणजे पुढच्या महिन्यात कोणता पार्ट किती नग हवा, त्याचा कागद. पुढे तो फॅक्सवर आला, मग ईमेलवर, आता पोर्टलवर दिसतो. शेड्यूल वाढलं की रात्रपाळी लागते, मेसमध्ये पानं वाढतात, बजाजनगर आणि रांजणगाव शेणपुंजीत खोल्यांची भाडी चढतात. उतरलं की आधी कंत्राटी पोरं गावी जातात. उद्योगांचा विश्वास मोजायचं इथलं यंत्र हे आहे, आणि माझ्या मते ते कुठल्याही निर्देशांकापेक्षा बरं चालतं.

या यंत्राचा काटा पहिल्यांदा मोठ्याने हलला तो उत्तराखंडमुळे. आपसातली करसवलतींची चढाओढ थांबवायची म्हणून राज्यांनी १ जानेवारी २००० पासून नव्या उद्योगांना विक्रीकरातल्या सवलती बंद करायचं ठरवलं होतं. म्हणजे मराठवाड्याच्या हातातलं मुख्य हत्यार गेलं. आणि तीनच वर्षांनी, २००३ साली, केंद्राने उत्तराखंड आणि हिमाचलला दहा वर्षांची अबकारी माफी आणि वर प्राप्तिकरात सूट दिली. २००७ साली उत्तराखंडातल्या पंतनगरला वाळूजच्याच दुचाकी कंपनीचं उत्पादन सुरू झालं. मोठ्या व्हेंडरांनी तिकडे दुसरी शाखा काढली. लहान्यांना ते झेपलं नाही. 'पंतनगर' हा शब्द वाळूजमध्ये तेव्हापासून गावाचं नाव म्हणून वापरत नाहीत, धसका म्हणून वापरतात. 'सोबत आणणार का?' या आजच्या प्रश्नाचं मूळ तिथे आहे.

आता त्या शब्दाकडे येऊ, ज्याच्याभोवती इथलं औद्योगिक राजकारण फिरतं : ड प्लस.

राज्याने उद्योगांच्या दृष्टीने तालुक्यांची वर्गवारी केली आहे. अ म्हणजे मुंबई-पुण्यासारखा विकसित भाग, ब त्याहून कमी, क आणखी कमी, ड मागास, आणि ड प्लस त्याहून मागास. त्याच्याही खाली विनाउद्योग जिल्हे आणि नक्षलग्रस्त भाग, म्हणजे गडचिरोली वगैरे. शाळेच्या प्रगतिपुस्तकात अधिकचं चिन्ह असलं की घरी कौतुक होतं. इथे ते चिन्ह म्हणजे जास्त सवलत, आणि जास्त सवलत म्हणजे जास्त मागासपण. 'आमचा तालुका ड प्लसमध्ये घाला' अशी मागणी करत निवेदनं निघतात, ती याच हिशेबाने. विकास झाल्याचे फलक लावणारा आणि मागास ठरवा म्हणणारा पुढारी एकच असतो, आणि त्याला त्यात विसंगती वाटत नाही. प्रामाणिकपणे बोलायचं तर ती फारशी नाहीही.

घोळ पुढे आहे. वर्गवारीचं एकक तालुका. हमरस्त्यालगतची वसाहत आणि तिथून तीस किलोमीटर आत, जिथे थ्री फेज वीज आठ तास येते ते गाव, दोन्ही एकाच अक्षरात. शिवेच्या अलीकडे एक अक्षर, पलीकडे दुसरं. जमीन बघायला येणारा उद्योजक म्हणून सातबाऱ्यासोबत तालुक्याचं अक्षर विचारतो, आणि दलाल ते आधी सांगतो.

त्याहून मोठा घोळ अक्षराच्या आत काय आहे याचा. २००७ आणि २०१३च्या योजनांमध्ये ड प्लसला गुंतवणुकीवरचा अनुदानाचा टक्का मोठा, मुदत लांब. वाचायला छान. पण हा टक्का म्हणजे हातात पडणारा पैसा नव्हे, ती कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष अनुदान मिळतं ते भरलेल्या कराच्या प्रमाणात. आधी व्हॅट होता. १ जुलै २०१७ला जीएसटी आल्यावर हिशेब राज्यांतर्गत विक्रीवरच्या एसजीएसटीशी, म्हणजे राज्याच्या वाट्याच्या जीएसटीशी, जोडला गेला. म्हणजे वाळूजच्या कारखानदाराने चाकणला माल दिला तर तो अनुदानात धरला जातो. तोच माल गुरुग्रामला किंवा पंतनगरला गेला की आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य विक्रीवरचा जीएसटी, लागतो आणि अनुदानाचा हात आखडतो. निर्यात केली तर करच नाही, मग परतावा कशाचा? राज्याबाहेर गिऱ्हाईक शोधणं हे एरवी धंदा वाढल्याचं लक्षण. इथे ते महाग पडतं. यात कुणाची लबाडी आहे असं नाही. राज्याने आपल्याला मिळालेल्या करातूनच परत द्यायचं म्हटलं तर दुसरं काय होणार. पण ड प्लसची जाहिरात करणाऱ्या पत्रकात हा भाग बारीक अक्षरातसुद्धा नसतो. शिवाय पात्रता प्रमाणपत्र मिळणं वेगळं, मंजुरी वेगळी, आणि कोषागारातून रक्कम येणं वेगळं. बँक कर्ज देताना यातलं तिसरं धरते. उद्योजक पहिलं धरून बसतो.

तिसरा पदर विजेचा, आणि वादाचा. जून २०१६ मध्ये विदर्भ, मराठवाडा, उत्तर महाराष्ट्र आणि ड, ड प्लस भागातल्या उद्योगांना वीजदरात सवलत देण्याचा निर्णय झाला. शेजारच्या छत्तीसगडपेक्षा इथली वीज महाग आहे ही तक्रार जुनी आणि खरी होती. जालन्याला जाऊन पाहा. तिथल्या पोलाद कारखान्यांत भंगार वितळवून बिलेट, म्हणजे पोलादाच्या कांड्या, काढतात आणि बिलेटपासून सळई. विजेवर चालणाऱ्या इंडक्शन भट्टीच्या धंद्यात भंगारानंतरचा मोठा खर्च विजेचाच. अनेक वर्षं रात्री दहा ते सकाळी सहा दर उतरायचा म्हणून भट्ट्या रात्री धडाडायच्या. औद्योगिक वसाहतीवरचं आभाळ त्या वेळी तांबूस दिसायचं. युनिटमागे एक रुपया इकडेतिकडे झाला तर भट्टी चालू ठेवायची की नाही हे ठरतं.

सवलतीसाठी वर्षाला १२०० कोटींची तरतूद होती. पण जो वीज जास्त जाळतो त्याला लाभ जास्त, ही रचनेतली गोष्ट. त्यामुळे मोठा वाटा पोलादाच्या मोजक्या बड्या कारखान्यांकडे गेला, आणि प्रेस-शॉप, डाळमिल, जिनिंगवाल्यांच्या बिलावर सवलतीची ओळ इतकी किरकोळ आली की अनेकांच्या ती लक्षातही आली नाही. विदर्भातून ओरड झाली की मराठवाड्याने खाल्लं. मराठवाड्यातले लहान उद्योजक म्हणाले, आम्ही कुठे खाल्लं? तरतूद संपली की सवलत अडायची, मग रचना बदलली, मुदत आधी मार्च २०१९पर्यंत होती ती पुढे पाच वर्षं वाढली.

निर्णय चूक होता असं मी म्हणणार नाही. जालन्याच्या भट्ट्या त्याशिवाय विझल्या असत्या, आणि भट्ट्यांमागे भंगारवाले, ट्रकवाले, काटेवाले अशी रांग आहे. पण एका अक्षराखाली दोन वेगळे उद्योग कोंबले की हे असं होतं. विजेवर जगणारा आणि शेड्यूलवर जगणारा यांचं दुखणं वेगळं आहे. ड प्लसचं औषध एकच आहे.

पाण्याचा विषय मराठवाड्यात टाळता येत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात जायकवाडीने तळ गाठला, तेव्हा उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने मद्यनिर्मिती कारखान्यांच्या पाण्यात मे महिन्यात ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांच्या पाण्यात २५ टक्क्यांपर्यंत कपात करायला लावली. लातूरला तेव्हा रेल्वेने पाणी येत होतं. कपातीविरुद्ध तोंड उघडायला जागाच नव्हती. दोन वर्षांनी, मराठा आरक्षणासाठीच्या ९ ऑगस्ट २०१८च्या बंदमध्ये, वाळूजच्या कंपन्यांची तोडफोड झाली. ती कुणी केली यावर वाद झडले, पण काचा फुटलेल्या गेटचे फोटो त्या रात्री गुंतवणूकदारांच्या फोनवर पोचले होते.

राज्याच्या पातळीवर या काळात काय दिसत होतं? फेब्रुवारी २०१८च्या मुंबईतल्या गुंतवणूक परिषदेत ४१०६ सामंजस्य करार आणि १२ लाख कोटींहून मोठा आकडा जाहीर झाला. सामंजस्य करार म्हणजे लग्न नव्हे, साखरपुडाही नव्हे, ते कांदेपोहे. पोहे खाऊन उठणारे उठतात. व्यवसाय सुलभतेच्या क्रमवारीत महाराष्ट्र २०१५ला आठवा, २०१६ला दहावा, २०१७च्या यादीत तेरावा होता, तरी देशात येणाऱ्या परकी गुंतवणुकीत राज्याचा वाटा मोठाच राहिला. सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावसाठी बोलणी चाललेला १ लाख ५४ हजार कोटींचा अर्धसंवाहक (सेमीकंडक्टर) प्रकल्प गुजरातने पळवला म्हणून महाराष्ट्रात आकांत झाला. जुलै २०२३ मध्ये त्यातली तैवानी भागीदार कंपनी बाहेर पडली. तळेगाव पुण्याजवळ. ती अख्खी लढाई अ वर्गातल्या भागासाठी होती आणि मराठवाड्याला त्यात प्रेक्षकाची खुर्ची होती.

मराठवाड्याच्या वाट्याला आलं ते शेंद्रा-बिडकीन. दिल्ली-मुंबई औद्योगिक पट्ट्याचा हा भाग, सुमारे दहा हजार एकर. शेतकऱ्यांना एकरी २३ लाख दर मिळाला. त्यातून कुणी दुसरीकडे जमीन घेतली, कुणी चारचाकी. सप्टेंबर २०१९ मध्ये शेंद्र्याच्या टप्प्याचं लोकार्पण झालं. रस्ते रुंद, केबल जमिनीखाली. वाळूजहून जाणाऱ्याला परदेशात आल्यासारखं वाटावं असे चौक, आणि चौकात वाहन एखादंच. बिडकीनला तर बरीच वर्षं गवतच जास्त होतं. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण खुला झाला, तेव्हा मालाच्या वाहतुकीचं गणित बदललं. मोटार कंपनीची घोषणा या दोन तारखांच्या मधली आहे, हा योगायोग मानायला कुणी तयार नाही.

ओळखीचे एक प्रेस-शॉपवाले आहेत, वाळूजला, १९९१ पासून. त्यांना २०० टनी प्रेस घ्यायचा आहे. कोटेशन आणून ठेवलंय, बँकेचं तोंडी हो आहे. मुलगा म्हणतो, आत्ताच घेऊ, बिडकीन सुरू झाल्यावर भाव वाढतील. वडील म्हणतात, आधी त्यांच्या परचेसवाल्यांचा माणूस आपल्या गाळ्यावर येऊन मोजमापं घेऊन जाऊ दे. कोटेशनची मुदत दोनदा वाढवून घेतली आहे.