हॉस्पिस सेवा : गुणवत्तेचे मूल्यमापन

आजार बरा होण्याची शक्यता संपलेल्या रुग्णाच्या वेदना व इतर त्रास आटोक्यात ठेवणारी, त्याच्या उरलेल्या आयुष्याला स्वस्थता देणारी आणि कुटुंबीयांना त्या काळात व मृत्यूनंतरही आधार देणारी संस्था आपले काम कितपत नीट करते, हे ठरविण्याची पद्धत म्हणजे हॉस्पिस सेवेचे गुणवत्ता मूल्यमापन. रुग्णालयांसाठी वापरली जाणारी मृत्युदर, मुक्कामाचे दिवस, पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण ही मोजमापे येथे उपयोगी पडत नाहीत. बहुतेक रुग्णांचा मृत्यू अपेक्षितच असतो आणि मुक्काम किती दिवसांचा, हे संस्थेपेक्षा आजारावर अधिक अवलंबून असते. त्यामुळे रुग्णाचा त्रास किती कमी झाला, तो किती लवकर कमी झाला आणि रुग्णाच्या इच्छेचा मान राखला गेला का, हे प्रश्न मध्यवर्ती ठरतात. प्रस्तुत नोंदीत या विषयाचा विचार मुख्यतः नागपूर व विदर्भाच्या संदर्भात केला आहे.

उगम : मूल्यमापनाच्या या परंपरेचा आरंभ कोठून मानावा, याविषयी एकवाक्यता नाही. आरोग्यसेवेच्या गुणवत्तेचा इतिहास लिहिणारे काही अभ्यासक फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६३ च्या सुमारास मांडलेल्या रुग्णालयांच्या एकसमान सांख्यिकीच्या कल्पनेपर्यंत मागे जातात. इतर काही जण बॉस्टन येथील शल्यविशारद अर्नेस्ट कॉडमन यांना अग्रस्थान देतात. प्रत्येक रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर दीर्घकाळ मागोवा घेऊन अंतिम निष्पत्ती नोंदवावी आणि ती जाहीर करावी, असा आग्रह कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात धरला होता. रचना (साधने व कर्मचारी), प्रक्रिया (प्रत्यक्ष उपचार) व निष्पत्ती (रुग्णावर झालेला परिणाम) ही आज सर्वत्र वापरली जाणारी त्रिसूत्री अव्हेडिस डोनाबेडियन यांनी १९६६ मधील निबंधात मांडली. परंतु या तिन्ही धारा बरे होऊ शकणाऱ्या रुग्णाला समोर ठेवून विकसित झाल्या होत्या.

मरणासन्न रुग्णांसाठीच्या स्वतंत्र संस्थांचा इतिहास यापेक्षा निराळा आहे. फ्रान्समधील लियाँ येथे १८४० च्या दशकाच्या आरंभी झान गार्निए यांनी सुरू केलेले कार्य आणि डब्लिन येथे १८७९ मध्ये धर्मभगिनींनी उघडलेले हॉस्पिस ही त्याची बहुधा सर्वांत जुनी आधुनिक उदाहरणे होत. तेथे सेवाभाव होता, मात्र त्रासाची पद्धतशीर नोंद हा तेथील कामाचा भाग असल्याचे दिसत नाही. अशा नोंदीला महत्त्व ब्रिटिश डॉक्टर सिसिली साँडर्स यांनी मिळवून दिले. १९६७ मध्ये लंडनमध्ये स्थापन झालेल्या सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिसला आधुनिक चळवळीचा आरंभबिंदू मानण्याचा प्रघात आहे. मूल्यमापनाच्या दृष्टीने मात्र त्याआधीची काही वर्षे अधिक महत्त्वाची वाटतात. १९५८ पासून सुमारे सात वर्षे साँडर्स यांनी लंडनच्याच सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये हजाराहून अधिक रुग्णांच्या वेदनांच्या व औषधमात्रांच्या नोंदी ठेवल्या. वेदना उफाळल्यावर औषध देण्याऐवजी ठरावीक वेळी तोंडावाटे मॉर्फिन (अफूपासून मिळणारे तीव्र वेदनाशामक) दिले, तर रुग्ण शुद्धीत व वेदनामुक्त राहू शकतो, हे त्या नोंदींतून दिसून आले. पुढे रॉबर्ट ट्वायक्रॉस यांनी सेंट ख्रिस्तोफर्समध्ये मॉर्फिन व त्यापासून बनविलेले डायमॉर्फिन यांची तुलना केली. नियमितपणे तोंडावाटे दिल्यास दोहोंत लक्षणीय फरक पडत नाही, असा त्यांचा १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष आहे. यानंतर कोकेन, मद्य व पाक घातलेल्या जुन्या ‘ब्रॉम्प्टन मिश्रणा’चे महत्त्व ओसरले. औषध कोणते यापेक्षा ते कसे व केव्हा दिले जाते, याला आलेले महत्त्व पुढील सर्व मूल्यमापनाच्या मुळाशी आहे.

भारतातील घडण : मुंबईत १९८६ मध्ये सुरू झालेले शांती अवेदना सदन हे देशातील पहिले हॉस्पिस मानले जाते. १९९३ मध्ये कालिकत येथे वेदना व उपशामक उपचारांसाठी संस्था स्थापन झाली आणि तिच्या प्रभावातून केरळमध्ये घरोघरी जाणारी, स्वयंसेवकांवर आधारलेली पद्धत रुजली. १९९४ मध्ये या क्षेत्रातील अखिल भारतीय संघटना स्थापन झाली. दरम्यान १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यातील कठोर तरतुदींमुळे देशातील मॉर्फिनचा वैद्यकीय वापर पुढील बारा वर्षांत नव्वद टक्क्यांहून अधिक घटला. अफूचे कायदेशीर उत्पादन करणाऱ्या देशातच कर्करुग्ण वेदनेने तळमळत राहिले, ही या इतिहासातील सर्वांत दुःखद बाब होय. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन, कोडीन, ऑक्सिकोडोन व हायड्रोकोडोन ही सहा औषधे ‘अत्यावश्यक अमली औषधे’ ठरविण्यात आली. ही औषधे ठेवण्यासाठी संस्थांना मान्यता देण्याचा अधिकार राज्याच्या औषध नियंत्रकांकडे, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडे, आला. त्याच वर्षी भारतीय संस्थांसाठी तयार केलेली किमान मानकांची प्रश्नावली प्रसिद्ध झाली. आवश्यक व इष्ट अशा दोन गटांत विभागलेली ही प्रश्नावली संस्थांनी स्वतःच भरावयाची आहे. आत्मपरीक्षणासाठी ती उत्तम आहे, परंतु बाहेरून पाहणाऱ्याला केवळ तिच्यावर विसंबता येत नाही.

वेदनोपचार, मुख्य कसोटी : संस्थेकडे तोंडावाटे देण्याचे मॉर्फिन आहे का आणि ते वापरण्याचा आत्मविश्वास आहे का, या दुहेरी प्रश्नाने परीक्षणाचा आरंभ करावा, असे मत या नोंदीत ग्राह्य धरले आहे. मान्यतापत्र भिंतीवर असूनही गोळ्यांचा साठा महिनोन्‌महिने न हलणे, हे लक्षण साठाच नसण्यापेक्षा फारसे वेगळे नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्ये मांडलेली तोंडावाटे, घड्याळानुसार व पायरीपायरीने (सौम्य औषधाकडून तीव्र औषधाकडे) ही सूत्रे आजही परीक्षकाच्या उपयोगाची आहेत. पायऱ्यांविषयीचा आग्रह २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य झाला, तरी घड्याळाचा आग्रह कायम आहे.

रुग्णाचा नोंदतक्ता पाहिला, की पुष्कळ गोष्टी उलगडतात. लवकर परिणाम करणारे मॉर्फिन दर चार तासांनी द्यावे लागते. तक्त्यावर सकाळी सहा, दहा, दोन, सहा आणि रात्री दहा या वेळा असून रात्रीच्या मात्रेत मध्यरात्रीनंतरच्या मात्रेची सोय केलेली असेल, तर औषध देणाऱ्याला विषय समजला आहे असे मानता येते. ‘दुखल्यास द्यावे’ एवढाच शेरा असेल, तर रुग्णाला दर वेळी वेदना सोसून मगच औषध मिळते. नियमित मात्रेखेरीज मध्येच उफाळणाऱ्या वेदनेसाठी वेगळी मात्रा लिहिलेली असावी. मॉर्फिन घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाला बद्धकोष्ठ होतो, म्हणून त्याच्या जोडीला रेचक लिहिलेले असावे. अमेरिकेतील सरकारी मूल्यमापनातही रेचकाची ही जोड स्वतंत्र निर्देशक म्हणून मोजली गेली आहे. वरवर किरकोळ वाटणारा हा निर्देशक निष्काळजी व जाणकार संस्थांमधील फरक चटकन दाखवितो.

वेदनेची तीव्रता शून्य ते दहा या मोजपट्टीवर विचारून मात्रा दिल्यानंतर ती पुन्हा विचारली जाते का, हेही पाहावे. पहिली नोंद आठ आणि त्यानंतर कोणतीच नोंद नसणे, ही सर्रास आढळणारी त्रुटी आहे. विदर्भातील वयस्क रुग्ण डॉक्टरांपुढे संकोचून ‘बरं आहे’ असे म्हणतात. अशा वेळी रुपयातले किती आणे दुखते, असे विचारणारी परिचारिका अधिक खरे उत्तर मिळविते. ज्यांना बोलता येत नाही त्यांच्यासाठी चेहरा, कण्हणे व हालचाल यांवर आधारलेल्या मोजपट्ट्या आहेत. जबड्याच्या किंवा जिभेच्या कर्करोगात त्यांची गरज वारंवार भासते.

विदर्भाचा संदर्भ : सुपारी, तंबाखू व चुना पन्नीत (प्लास्टिकच्या तुकड्यात) घोटून केलेल्या खर्ऱ्याचे व्यसन या भागात खोलवर पसरले आहे आणि येथील हॉस्पिसमध्ये मुखकर्करोगाचे रुग्ण मोठ्या संख्येने येतात, यामागे ते एक मोठे कारण आहे. तोंड न उघडणे, नाकातून घातलेल्या नळीने अन्न देणे, गालातून बाहेर आलेली व स्रवणारी जखम, कधी तीत पडलेल्या अळ्या, तर कधी अचानक होणारा रक्तस्राव हे त्रास शहरी इंग्रजी मानकांत थोडक्यात येतात, येथे मात्र रोजचे असतात. त्यामुळे नागपूरच्या संस्थेचे परीक्षण करताना जखमेची निगा हा विषय अग्रक्रमावर ठेवावा लागतो. मेट्रोनिडाझोल या प्रतिजैविकाच्या गोळ्यांची पूड जखमेवर टाकली, तर दुर्गंधी काही दिवसांत बरीच कमी होते. हा उपाय स्वस्त असून सर्वत्र करता येण्याजोगा आहे. खोलीत शिरताच येणारी दुर्गंधी व ती लपविण्यासाठी जाळलेल्या उदबत्त्या, हे काम अपुरे असल्याचे लक्षण समजावे. दुर्गंधीमुळे नातवंडे जवळ येत नाहीत, ही व्यथा पुष्कळ रुग्ण वेदनेच्याही आधी सांगतात. मोठ्या रक्तस्रावाची शक्यता असलेल्या रुग्णाच्या उशाशी, रक्त ठळक दिसू नये म्हणून, गडद रंगाचे टॉवेल ठेवलेले असणे आणि त्या प्रसंगी काय करावे हे नातेवाइकांना आधीच सांगितलेले असणे, ही दक्ष संस्थेची खूण आहे.

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जाणाऱ्या शहरात कूलर, पाणी व वीज खंडित झाल्यावरची सोय यांनाही उपचाराचेच महत्त्व आहे. घामाने ओल्या राहणाऱ्या पाठीवर बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) लवकर होतात, म्हणून दर दोन तासांनी कूस बदलल्याची नोंद उन्हाळ्यात विशेष बारकाईने पाहावी.

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेडिकल), इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (मेयो), एम्स, राष्ट्रसंत तुकडोजी प्रादेशिक कर्करोग रुग्णालय व जामठा येथील राष्ट्रीय कर्करोग संस्था येथे उपचार घेणारे रुग्ण चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, तसेच मध्य प्रदेश व छत्तीसगडमधूनही येतात. स्नेहांचल ही शहरातील संस्था असाध्य अवस्थेतील कर्करुग्णांसाठी काम करते. रुग्णालयाने ‘आता घरी न्या’ असे सांगितल्यानंतर गडचिरोलीसारख्या दूरच्या जिल्ह्यात परतणाऱ्या कुटुंबाला शहरातील खाटेपेक्षा पुरेशी औषधे, फोनवरचा सल्ला आणि गावाजवळच्या आरोग्य केंद्राच्या नावे लिहिलेली चिठ्ठी यांचा उपयोग अधिक होतो. संस्थेचे मूल्यमापन केवळ खाटांच्या संख्येवर केल्यास ही सेवा हिशेबात येत नाही. वऱ्हाडी, हिंदी, छत्तीसगडी वा गोंडी बोलणाऱ्या रुग्णाशी त्याच्या भाषेत बोलणारे कोणी आहे का, हेही विचारावयास हवे.

कुटुंबीयांची साक्ष : पाश्चात्त्य देशांत मृत्यूनंतर काही महिन्यांनी नातेवाइकांना प्रश्नावली पाठविण्याची पद्धत आहे. अमेरिकेत २०१५ पासून अशी सरकारी पाहणी नियमितपणे होते. तिच्या ग्राह्यतेविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार रुग्ण स्वतः सांगू शकत नसल्याने नातेवाईक हाच एकमेव साक्षीदार उरतो. दुसऱ्या मतानुसार शोक, अपराधीपणा व कृतज्ञता यांची सरमिसळ होऊन उत्तरे चांगल्या बाजूला झुकतात. अभ्यासांचा सर्वसाधारण कल असा, की सेवेची उपलब्धता व डोळ्यांना दिसणारी लक्षणे यांबाबत नातेवाइकांची साक्ष विश्वसनीय असते, वेदना व मनःस्थिती यांबाबत ती कमी विश्वसनीय ठरते. आपल्याकडे मोफत किंवा अल्प शुल्कात सेवा मिळाल्यावर तक्रार करणे अप्रशस्त मानले जाते, त्यामुळे दुसऱ्या मताला येथे अधिक वजन द्यावे लागते. ‘समाधानी आहात का’ याऐवजी ‘रात्री फोन केला तेव्हा कोणी उचलला’, ‘शेवटच्या तीन दिवसांत परिचारिका किती वेळा आली’ असे घटनेविषयीचे प्रश्न विचारले, तर उपयुक्त माहिती हाती येते. शेवटच्या तीन दिवसांतील भेटी हा अमेरिकी पद्धतीतही मान्य निर्देशक आहे.

नोंदणी : महाराष्ट्रात खाटा असलेल्या शुश्रूषागृहांची नोंदणी १९४९ च्या कायद्यानुसार होते आणि २०२१ च्या सुधारित नियमांनी रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणे आवश्यक केले आहे. नोंदणीमुळे जागा व कर्मचारीवर्ग यांची खात्री पटते, वेदनोपचाराच्या दर्जाविषयी ती काही सांगत नाही.

रुग्णाची इच्छा व घरचा मृत्यू : सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी पूर्व-वैद्यकीय निर्देशांना (अखेरच्या अवस्थेत कोणते उपचार नकोत, हे आधीच लिहून ठेवण्याला) मान्यता दिली व २०२३ मध्ये त्याची प्रक्रिया सुलभ केली. संस्था रुग्णाला अतिदक्षता विभाग, कृत्रिम श्वसन वा नळीने अन्न यांविषयी वेळेत विचारते का आणि आजाराची खरी अवस्था त्याला सांगते का, हे तक्त्यातील संभाषणाच्या नोंदींवरून समजते. ‘त्यांना काही सांगू नका’ अशी नातेवाइकांची विनंती नागपुरातही नित्याची आहे. ती झुगारून न देता व तिच्यामागे लपूनही न राहता रुग्णाला किती जाणून घ्यायचे आहे, हे त्याच्याकडूनच काढून घेणारा डॉक्टर संस्थेत असणे महत्त्वाचे. घरी मृत्यू होणार असल्यास कारणाचे प्रमाणपत्र, म्हणजे नमुना ४ अ, कोणता डॉक्टर देणार हे संस्थेने आधी ठरवून ठेवावे. तसे न झाल्यास दुःखात असलेल्या कुटुंबाला रात्री-अपरात्री डॉक्टर शोधत फिरावे लागते, आणि मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या मुदतीत करून घेतानाही त्याच कागदासाठी पुन्हा हेलपाटे पडतात.