मोठं इंजिन असलं की खोल बर्फातून गाडी निघतेच?

स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावर चालणारी पट्ट्याची गाडी, घेणाऱ्याला हमखास सांगतात, 'मोठं इंजिन घे, कितीही बर्फ असो, गाडी निघेल.' हे चूक आहे. रॉकी पर्वतातल्या भुसभुशीत बर्फात गाडीला तारतो तो तिच्याखाली फिरणारा दातेरी पट्टा. सव्वा इंची दात्यांचा १२९ इंचांचा ट्रेलचा, म्हणजे दाबून कडक केलेल्या वाटेचा, पट्टा तिथे जोर दिला की खड्डा खणत खाली जातो. अडीच इंची दात्यांचा १५४ इंचांचा, म्हणजे माउंटन मॉडेलचा, वर राहतो. पण कडक ट्रेलवर माउंटन मॉडेलला त्रास होतो. सैल बर्फ उडत नाही, त्यामुळे त्याच बर्फावर थंड होणारं इंजिन तापतं, पट्टा ज्या रेलवरून सरकतो तिच्यावरचं प्लास्टिकही झिजतं. त्यासाठी बर्फ खरवडणारे स्क्रॅचर लावतात. ट्रेल अधूनमधूनच असेल, तर स्क्रॅचर लावून माउंटन मॉडेलच घ्या. ट्रेल आणि खोल बर्फ निम्मं-निम्मं असेल तर १४६ इंची क्रॉसओव्हर, म्हणजे दोन्हीकडे चालणारं मॉडेल.