कृष्णधवल फोटोत पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा हवाच का?

‘कृष्णधवल फोटोत कुठेतरी पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा नसेल, तर तो फसला’ हा शेरा वर्षानुवर्षं फिरतोय. भर उन्हातल्या दृश्याला तो बहुतेकदा लागू पडतो, म्हणून पटतोही. पण दाट धुक्यात गडद काळं फारसं नसतंच. झाडं अंतरागणिक फिकट होत जातात आणि दृश्याची खोली त्यातूनच कळते.

पडताळून पाहा. असा फोटो एडिटिंग अ‍ॅपमध्ये उघडून हिस्टोग्राम (कुठली छटा किती आहे ते दाखवणारा आलेख) 0 म्हणजे पूर्ण काळा ते 255 म्हणजे पूर्ण पांढरा असा पूर्ण ताणा. पुढचं खोड काळंकुट्ट होतं, मागची झाडं उठून दिसतात, धुकं पातळ वाटू लागतं.

म्हणून कुणाच्या फोटोवर मत देताना नुसतं ‘कॉन्ट्रास्ट (गडद-फिकटातला फरक) वाढवा’ म्हणू नका. ‘चेहरा भिंतीत मिसळतोय, दोन्हींचा राखाडी सारखाच आहे’ असं सांगा. ऐकणाऱ्यानेही बिनधास्त विचारावं, ‘नेमका कुठला भाग?’