काचेच्या पेटीतलं बाळ आणि डोळ्याचा पडदा

बडोद्याच्या दांडिया बाजारात परवा एका घरी बाळ बघायला गेले होते. सातव्या महिन्यात झालेली, जन्मतः ११०० ग्रॅमची मुलगी, काचेच्या पेटीतून नुकतीच घरी आलेली. आजींनी विचारलं, "टकामका बघते की गं ही! मग सारखं सारखं डोळे तपासायला का बोलावतात?"

डोळ्याच्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या साधारण १६व्या आठवड्यात वाढू लागतात आणि कडेपर्यंत पोचायला नऊ महिने भरत येतात. बाळ आधीच जन्मलं तर त्या भलतीकडे फुटू शकतात, पडदा ओढला जाऊन सुटू शकतो. वरून डोळा अगदी छान दिसतो.

हा आजार म्हणजे आरओपी (रेटिनोपॅथी ऑफ प्रीमॅच्युरिटी). तो १९४२ मध्ये बॉस्टनच्या डॉ. टेरी यांनी प्रथम नोंदवला. पुढची दहा वर्षं वाचताना जीव कळवळतो. पेट्यांमधून ऑक्सिजन सढळ मिळू लागला, बाळं जगू लागली आणि हजारोंची दृष्टी गेली. १९५१ मध्ये मेलबर्नच्या डॉ. केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडेच बोट दाखवलं. १९५३ मध्ये सुरू झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीने ते खरं ठरवलं. मग ऑक्सिजन इतका आखडला की काही बाळं त्यापायी दगावली. किती द्यावा, याचा काटा आजही डोळ्यांत तेल घालून सांभाळावा लागतो.

तपासणीही बाळाला सोसावी लागते. फडक्यात गुंडाळून, जिभेवर साखरपाण्याचे थेंब देऊन, पापण्या तारेच्या चिमट्याने उघड्या ठेवायच्या. १९९०च्या दशकाच्या शेवटी डोळ्याला टेकवून फोटो काढणारा कॅमेरा आला. त्यानंतर आलं हातात धरायचं ओसीटी यंत्र, म्हणजे प्रकाशाच्या मदतीने आतले थर टिपणारं. ते डोळ्याला न टेकता पडद्याचे थर दाखवतं. अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या डॉ. सिंथिया टॉथ यांच्या गटाने त्यावर पुष्कळ काम केलं आहे.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते इथे. पडदा गर्भात मेंदूतूनच फुटतो. त्यातल्या मज्जातंतूंच्या थराची जाडी आणि मेंदूची वाढ यांचा संबंध अभ्यासांत दिसू लागलाय. स्वीडनमध्ये तर ज्या बाळांचं वजन रेंगाळतं त्यांच्यात हा आजार बळावतो, असं आढळलं. म्हणजे पडदा बघताना सगळं बाळच थोडंफार दिसतं.

आपल्याकडे २००० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांआधी झालेल्या बाळाची पहिली तपासणी ३० दिवसांच्या आत व्हायला हवी, फारच लहान असेल तर त्याहून लवकर.

हे ऐकून आजींनी फाइलमधली पुढची तारीख काढली. गुरुवार निघाला, त्यांच्या उपासाचा. "असू दे," म्हणाल्या, "मीच नेते."