परदेशात स्वयंसेवक म्हणून जाताय? अर्ज नेमका कुठे अडतो

‘पगार मिळणार नाही, म्हणजे ते काम नाही, मग टुरिस्ट व्हिसा पुरे.’ सगळ्यात जास्त गोंधळ या एका समजातून होतो. बऱ्याच देशांच्या लेखी विनामोबदला काम हेही कामच असतं. नेपाळमध्ये पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा करता येत नाही, पैसे मिळोत वा न मिळोत. ब्रिटनमध्ये व्हिजिटर म्हणून गेलात तर एकूण 30 दिवसांपर्यंत चालतं, पण संस्था तिथे धर्मादाय म्हणून नोंदलेली हवी आणि स्वयंसेवा हा प्रवासाचा मुख्य हेतू नसावा. म्हणजे तीन आठवडे फक्त शिबिरातच राबायला निघालेला विद्यार्थी 30 दिवसांच्या आत असूनही त्यात बसत नाही. हे नीट न वाचता अर्ज भरले जातात आणि मग ‘दिवस तर कमीच होते’ म्हणून हळहळ. मुख्य हेतू स्वयंसेवा असेल तर तिथे चॅरिटी वर्कर व्हिसा लागतो. त्यासाठी संस्थेकडे प्रायोजकाचा परवाना (परदेशी स्वयंसेवकाला बोलावण्याची सरकारी परवानगी) असावा लागतो, तेव्हा कागद गोळा करण्याआधी संस्थेला तेवढं विचारून घ्या.

अमेरिकेत नोंदलेल्या स्वयंसेवा कार्यक्रमासाठी बी-1 म्हणजे कामानिमित्तच्या तात्पुरत्या भेटीच्या व्हिसावर जाता येतं, फक्त संस्थेचं पत्र चोख हवं. तुमचं नाव, जन्मतारीख, मायदेशातला कायमचा पत्ता, अमेरिकेत आधी कुठे उतरणार आणि किती काळ काम करणार, हे सगळं त्यात लिहिलेलं असावं लागतं. प्रत्यक्षात येतं ते काय? लेटरहेडवर चार ओळी: ‘यांचं आमच्याकडे स्वागत आहे, त्यांना सहकार्य करावं.’ अशा पत्राचा उपयोग शून्य. देश कोणताही असो, पत्रात काम काय, तारखा कोणत्या, राहण्या-जेवणाचा खर्च कोण करणार आणि सही कोणाची, हे स्पष्ट असू द्या. आणि पत्रातली तारीख, तिकिटातली तारीख, कॉलेजच्या रजेच्या पत्रातली तारीख एकमेकींशी जुळू द्या. तपासणारा माणूस तुम्हाला ओळखत नाही. कागदच बोलतात, आणि ते वेगवेगळं बोलले की त्याला शंका येणारच.

आता पैशांचा पुरावा. ब्रिटनच्या चॅरिटी वर्कर व्हिसासाठी, संस्थेने खर्चाची हमी घेतली नसेल तर, खात्यात किमान 1,270 पौंडांइतकी रक्कम सलग 28 दिवस असावी लागते, आणि तो अठ्ठाविसावा दिवस अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आत यावा लागतो. यातला ‘सलग’ हा शब्द लोक वाचतच नाहीत. विसाव्या दिवशी विमानाचं तिकीट काढलं, शिल्लक एका रात्रीपुरती खाली गेली, सकाळी वडिलांनी भर घातली. झालं, मोजणी पुन्हा पहिल्यापासून. सरासरी शिल्लक कोणी बघत नाही, स्टेटमेंटमधला सगळ्यात खालचा आकडा बघतात. इतर देशांचा नियम वेगळा असला तरी अर्जाच्या आदल्या आठवड्यात अचानक आलेली मोठी रक्कम सगळीकडेच खुपते. ती कुठून आली याचा कागद सोबत लावा; पालक किंवा प्रायोजक देत असतील तर त्यांचं पत्र आणि त्यांचंही स्टेटमेंट.

पासपोर्टचं बघताना मुदत संपायची तारीख बघून लोक निर्धास्त होतात. शेंगेन देशांना (एकाच सामायिक व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश) त्या भागातून बाहेर पडल्यानंतर किमान 3 महिने मुदत हवी, पासपोर्ट गेल्या 10 वर्षांत काढलेला हवा आणि दोन पानं कोरी हवीत. कित्येक देश 6 महिने मागतात. शेंगेनचा अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा 15 दिवस आधी. हे 15 दिवस म्हणजे निकालाची हमी समजू नका. निर्णयाला 45 दिवसही लागू शकतात, आणि सुट्टीच्या हंगामात अपॉइंटमेंटच मिळत नाही. विम्याचं संरक्षण किमान 30,000 युरोचं लागतं. फॉर्म, फोटो, फी यांचं काही अवघड नाही, सूचनेत लिहिलंय तसं करा.

मुलांसोबत काम असेल तर संस्था पोलिसांचा चारित्र्य दाखला मागते. तो वेळेत हातात नाही, असंच बहुतेकांचं होतं. शिवाय दाखला अगदी लवकर काढला तर तो ‘जुना’ ठरतो, उशिरा काढला तर वेळेत येत नाही; म्हणून संस्थेला किती महिन्यांपर्यंतचा चालतो ते आधी विचारा. त्यावर अपोस्टिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणन, लागेल का, हेही. अपोस्टिल फक्त 1961 च्या हेग कराराच्या सदस्य देशांमध्ये चालतं, बाकी ठिकाणी वकिलातीचं साक्षांकन लागतं. भाषांतर अपोस्टिलच्या आधी हवं की नंतर, हेसुद्धा विचारून घ्या, नाहीतर तेच काम दोनदा. कोणत्याही कार्यालयाच्या खिडकीवर हे आपणहून सांगितलं जात नाही.

अठरा वर्षांखालच्या विद्यार्थ्यांना बहुधा दोन्ही पालकांचं नोटरी केलेलं संमतिपत्र मागतात. एक पालक हयात नसेल किंवा वेगळा राहत असेल तर मृत्यूचा दाखला किंवा कोर्टाचा आदेश जोडावा लागतो. हे घरात बोलायला जड असतं, म्हणून शेवटच्या आठवड्यावर ढकललं जातं. ढकलू नका.

यलो फीव्हरचा दाखला लस घेतल्यावर 10 दिवसांनी लागू होतो. निघायच्या आदल्या दिवशी टोचून घेतलेली लस विमानतळावर उपयोगाची नाही. 11 जुलै 2016 पासून हा दाखला आयुष्यभर चालतो, तेव्हा जुन्या दाखल्यावर 10 वर्षांची मुदत छापलेली असली तरी पुन्हा टोचून घ्यायची गरज नाही. पण वाटेत यलो फीव्हरचा धोका असलेल्या देशात विमान बदलायचं असेल, तर तिथे 12 तासांपेक्षा जास्त थांबल्यावरही काही देश तो मागतात. तिकीट काढताना हे बघा.

आणि आधी एखादा व्हिसा नाकारला गेला असेल तर ‘यापूर्वी नकार मिळाला आहे का’ या प्रश्नापुढे ‘नाही’ लिहू नका. नकाराने अर्ज संपत नाही, खोट्याने संपतो. ब्रिटनमध्ये फसवणूक ठरली तर 10 वर्षांची बंदी येऊ शकते. ‘हो’ लिहा, नकाराच्या पत्राची प्रत जोडा, त्यात दिलेल्या एकेका कारणापुढे या वेळी कोणता कागद जोडलाय ते लिहा, मगच नवी अपॉइंटमेंट घ्या.